युद्धात वाढणाऱ्या मुलांवर ऐतिहासिक कादंबरी लिहायची तर

इतिहासाच्या पुस्तकातलं युद्ध फौजांनी, तहांनी आणि तारखांनी सांगितलं जातं. बारा वर्षांच्या मुलाला ते असं भेटत नाही. त्याच्या शाळेचा अचानक दवाखाना होतो, वडिलांची पत्रं थांबतात, वर्गातला एक बाक रिकामा होतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. हे का होतंय ते त्याला अर्धवट कळतं, आणि तेवढ्या कळण्यावरच त्याला वागायचं असतं.

अशी कादंबरी किंवा दीर्घकथा तुम्ही पहिल्यांदाच लिहीत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच प्रश्नाभोवती फिरतात: आपल्या पात्राला त्या दिवशी, त्या घटकेला किती माहीत होतं? युद्धाचा शेवट वाचकाला ठाऊक असतो, पात्राला मात्र उद्या सकाळी काय होणार हेही ठाऊक नसतं. गोष्टीतला सगळा ताण या अंतरात असतो. लेखकाने पात्राच्या तोंडी इतिहासाचा धडा घातला की हे अंतर बुजतं आणि वाचक पुस्तक मिटतो.

पहिली पायरी: काळाचा तुकडा लहान घ्या

‘दुसऱ्या महायुद्धावर कादंबरी’ हा अजून विषय झालेला नाही. सोव्हिएत संघातल्या लेनिनग्राड शहराला जर्मन फौजांनी घातलेला वेढा ८ सप्टेंबर १९४१ ला सुरू झाला आणि २७ जानेवारी १९४४ ला पूर्ण उठला. एवढा काळ एका पुस्तकात बसवायचा हट्ट धरला, तर वर्षांची घाई होते आणि माणसं निसटतात. पण त्यातलेच २० नोव्हेंबर ते २५ डिसेंबर १९४१ हे पाच आठवडे घेतले तर? लहान मुलांचा आणि आश्रितांचा दिवसाचा पाव तेव्हा १२५ ग्रॅमवर आला होता, आणि हा वेढ्यातला नीचांक होता. एक जिना, एक स्वयंपाकघर, पावाच्या दुकानापर्यंतचा एक रस्ता आणि पाच आठवडे. नवख्या लेखकाला एवढं पुष्कळ आहे.

प्रसंग निवडताना त्याबद्दलची साधनं तुम्हाला वाचता येणाऱ्या भाषेत मिळतात का, हे आधी पाहा. आणि फारसं न लिहिलं गेलेलं काही हाताशी आहे का, तेही शोधा. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या वसाहतीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने १९४० पासून अशा कुटुंबांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर ती इराणमार्गे भारतापर्यंत आली. सात वर्षांची असताना घर सोडलेली मुलगी वळिवड्यात दहा-अकराची होते. तिला पोलंड किती आठवत असेल? या एका प्रश्नावर पुस्तक उभं राहू शकतं.

दुसरी पायरी: वय नेमकं ठरवा

इथे घाई करू नका. ‘किशोरवयीन मुलगा’ एवढ्यावर भागत नाही. युद्धात आणि अन्यायाच्या राजवटीत वयाला कायद्याचा अर्थ येतो. जर्मनीत सप्टेंबर १९४१ च्या हुकमानुसार सहा वर्षांपासून पुढच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला पिवळा तारा लावणं सक्तीचं झालं. म्हणजे पाच वर्षांचा भाऊ ताऱ्याशिवाय फिरतो, सात वर्षांची बहीण तारा लावून. १९३८-३९ मध्ये सुमारे १०,००० मुलं नाझी अमलाखालच्या प्रदेशांतून ब्रिटनला पोहोचवली गेली. वयाची मर्यादा होती १७. अठराव्या वर्षात गेलेला थोरला भाऊ फलाटावरच राहिला असेल, तर ती गोष्ट कुणाच्या नजरेतून सांगायची, गाडीतल्या बहिणीच्या की त्याच्या?

सप्टेंबर १९४२ मध्ये जर्मनव्याप्त पोलंडमधल्या वुच शहराच्या घेटोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, दहा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टच्या वरच्या म्हाताऱ्यांना पाठवून देण्याचा हुकूम आला. तिथे नऊ आणि अकरा यांच्यात जन्ममरणाचं अंतर होतं. लेनिनग्राडमध्ये कारखान्यात कामाला लागलेल्या किशोराला कामगाराचं कार्ड मिळे. सर्वांत वाईट आठवड्यांतही त्यावर २५० ग्रॅम पाव होता, म्हणजे घरातल्या धाकट्याच्या दुप्पट. अशा घरात चौदा वर्षांच्या मुलाने शाळा सोडणं याचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. तुमच्या प्रसंगातला प्रत्येक नियम शोधून त्याच्यापुढे पात्राचं वय मांडा. पुष्कळदा कथानकाची पहिली गाठ तिथेच सापडते.

जन्मतारीखही ठरवून टाका. कथेत ती कधीच आली नाही तरी चालेल, पण कुठल्या महिन्यात पात्र किती वर्षांचं होतं हे तुम्हाला कागद न पाहता सांगता आलं पाहिजे.

तिसरी पायरी: दोन रकान्यांची वही

मला स्वतःला या कामात सर्वांत उपयोगी वाटते ती ही वही. डाव्या रकान्यात लिहा, काय घडलं आणि कधी. उजव्या रकान्यात लिहा, ते आपल्या पात्रापर्यंत कधी, कुणाकडून आणि कुठल्या रूपात पोहोचलं. दोन्ही रकान्यांतल्या तारखा क्वचितच जुळतात, आणि जिथे जुळत नाहीत तिथे प्रकरण दडलेलं असतं.

फाळणीचं उदाहरण घ्या. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला. मधल्या दिवसांत सीमेवरच्या जिल्ह्यांतल्या लोकांना आपण कुठल्या देशात आहोत हे ठामपणे माहीत नव्हतं. मुर्शिदाबादमध्ये पाकिस्तानचा झेंडा लागला आणि खुलन्यात भारताचा. सीमेचा निवाडा आल्यावर दोन्हीकडचे झेंडे बदलले. शाळेत झेंडावंदनाला नटूनथटून गेलेली दहा वर्षांची मुलगी तिसऱ्या दिवशी तोच झेंडा उतरताना बघते. तिला मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून काय कळलं असेल? डाव्या रकान्यात दोन ओळी होतील. उजवा रकाना पानभर भरेल.

अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या मुलांचंही पाहा. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला. या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हटवण्याचा रस्ता मोकळा करणारा अध्यक्षांचा आदेश निघाला १९ फेब्रुवारी १९४२ ला. इतिहासाच्या पुस्तकात या दोन ठळक तारखा. पण समाजातल्या अनेक पुढाऱ्यांना, शिक्षकांना, धर्मगुरूंना हल्ल्याच्या त्याच दिवशी आणि रात्री पकडून नेलं होतं. त्यांच्या मुलांसाठी सगळ्याची सुरुवात दारावरच्या थापेने झाली, आदेश कित्येक आठवड्यांनी आला. मार्चच्या अखेरीपासून विजेच्या खांबांवर नोटिसा लागल्या: हाताने उचलता येईल तेवढंच सामान घ्या. आता मुलीच्या हातात काय बसतं, ते लिहा.

हिरोशिमाला ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी सातच्या सुमारास धोक्याचा इशारा झाला होता आणि साडेसातच्या सुमारास तो मागेही घेतला गेला. सव्वाआठला बॉम्ब पडला. त्या वेळी आगीचा फैलाव थांबवण्यासाठी घरं पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामावर हजारो शाळकरी मुलंमुली शहरात होती. ‘धोका टळला’ हे ऐकून ती कामाला लागली होती. तुमच्या पात्राने तो दुसरा भोंगा ऐकला आणि सुटकेचा श्वास टाकला एवढं लिहा. पुढे काय होणार हे वाचकाला सांगावं लागत नाही.

उजव्या रकान्यात अफवाही लिहा. युद्धात मुलांना खऱ्या बातमीइतकंच खोटं कळत असतं, आणि ती त्यावर तितक्याच निष्ठेने वागतात. ‘दोन आठवड्यांत संपेल’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक युद्धात कुणीतरी मुलांना सांगितलेलं असतं.

चौथी पायरी: साधनं शोधणं आणि ती वाचायची कशी

त्या काळावरचं एक चांगलं इतिहासाचं पुस्तक आधी वाचून काढा, म्हणजे सांगाडा हाती येतो. त्यानंतर मात्र मुलांच्या उंचीवरची साधनं हवीत: रोजनिशा, पत्रं, शाळांची हजेरीपुस्तकं, रेशनकार्डं, सरकारी नोटिसा, चित्रं, फोटो, ध्वनिमुद्रित मुलाखती.

रोजनिशी आणि आठवणी यांत फरक करा. रोजनिशी लिहिणाऱ्याला पुढचं माहीत नसतं. साठ वर्षांनी आठवणी सांगणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि त्याची वाक्यं त्या माहितीने आकार घेतात. तुमच्या कामाला दोन्ही लागतात, पण पात्राचा आवाज शोधायचा तो रोजनिशीत. तीही डोळे मिटून वाचू नका. अ‍ॅन फ्रँकने २८ मार्च १९४४ ला लंडनहून नेदरलँड्सच्या मंत्र्याचं रेडिओवरचं भाषण ऐकलं. लोकांच्या रोजनिशा आणि पत्रं युद्धानंतर जमा केली जातील असं त्यात होतं. त्यानंतर तिने स्वतःच्या नोंदी प्रकाशनाच्या विचाराने पुन्हा लिहायला घेतल्या. म्हणजे पंधराव्या वर्षांत असलेली ती मुलगी तिथे लेखिका म्हणूनही काम करत होती.

दुसऱ्या टोकाला लेनिनग्राडची तान्या सविचेवा आहे. वेढा पडला तेव्हा ती ११ वर्षांची होती. एका छोट्या वहीच्या अक्षरवार पानांवर तिने घरातल्या माणसांची नावं आणि त्यांच्या मृत्यूच्या तारखा लिहिल्या, काहींची वेळसुद्धा. सगळी मिळून नऊ पानं. त्यांत रडणं नाही, विशेषणं नाहीत. मुलं दुःख कसं लिहितात याबद्दलच्या आपल्या कल्पना किती चुकीच्या असतात, हे त्या पानांवरून समजतं. तुमच्या पात्राच्या तोंडी लांबलचक विलाप आला की ती नऊ पानं आठवा.

पत्रांच्या बाबतीत तिसरा वाचक विसरू नका: सेन्सॉर. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं तपासली जात. ते शिपायांना ठाऊक होतं, म्हणून काहींनी हिंदी फौजेला ‘काळी मिरी’ आणि गोऱ्या फौजेला ‘लाल मिरची’ म्हणत पुरवठा संपत चालल्याची खबर घरी कळवली. तुमच्या कथेत पत्र असेल तर तीन प्रश्न विचारा. लिहिणाऱ्याला काय सांगायचं होतं, त्याला काय सांगता आलं, आणि वाचणाऱ्या मुलाला त्यातलं काय उमगलं?

चित्रांकडे नवखे लेखक फार कमी वळतात. तेरेझीनच्या घेटोत चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रांडाइस मुलांना चित्रकला शिकवायच्या. ऑश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं जाण्याआधी त्यांनी मुलांची सुमारे ४,५०० चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांत फुलं आहेत, घरं आहेत, फुलपाखरं आहेत, तशा एकावर एक रचलेल्या खाटांच्या रांगाही आहेत. कोंडलेलं मूल कशाचं चित्र काढतं, हे कुठल्याही इतिहासग्रंथापेक्षा तिथे स्पष्ट दिसतं.

त्या काळातून गेलेलं कुणी हयात असेल आणि बोलायला तयार असेल, तर त्यांना ‘तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?’ असं विचारू नका. वस्तू विचारा. आजोबा, किल्ली कुठे ठेवायचात? पाणी कुणी आणायचं? रात्री दिव्यावर काय झाकायचात? वस्तूंमागून आठवण आपोआप येते, आणि भावना तिच्याबरोबर. ते थांबले की तुम्हीही थांबा. वही मिटा, चहा घ्या, दुसऱ्या दिवशी या. सांगितलेलं वापरायची परवानगी स्पष्ट शब्दांत घ्या, आणि त्यांनी एखादी गोष्ट ‘ही नको’ म्हटलं तर ती कितीही विलक्षण असली तरी वापरू नका.

पाचवी पायरी: अन्याय नियमाच्या रूपात आणा

अन्याय म्हटलं की नवख्याच्या मनात बूट आपटत येणारा क्रूर अधिकारी उभा राहतो. तो एखाद्या प्रसंगात येऊ द्या. पण मुलांच्या आयुष्यात अन्याय बहुतेकदा छापील कागदावर येतो आणि एकेक पायरी चढत येतो. जर्मनांनी व्यापलेल्या नेदरलँड्समध्ये १९४१ मध्ये ज्यूंना बागा आणि सिनेमागृहं बंद झाली, त्याच वर्षी शाळा सुरू होताना ज्यू मुलांना वेगळ्या शाळांत जावं लागलं. मे १९४२ मध्ये पिवळा तारा आला. जूनमध्ये सायकली जमा करायला लावल्या आणि रात्री आठनंतर घराबाहेर पडायला मनाई झाली. यातल्या प्रत्येक टप्प्यावर घरातला एखादा मोठा माणूस म्हणाला असणार, ‘एवढ्यावर थांबेल.’ वाचकाचा जीव त्या वाक्यापाशी कासावीस होतो.

नियम आणि परिणाम यांच्यातलं अंतरही कथेला कामी येतं. जपानी फौज बंगालवर चालून आली तर तिला वाहतुकीची साधनं मिळू नयेत, म्हणून ब्रिटिश सरकारने १९४२ मध्ये किनाऱ्याकडच्या भागात दहापेक्षा जास्त माणसं नेणाऱ्या होड्या ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. नदीवर जगणाऱ्या घरातल्या मुलाने एवढंच पाहिलं की बाबांची होडी गेली. पुढच्याच वर्षी लाखोंचे बळी घेणारा दुष्काळ आला. त्याची कारणं अनेक होती आणि त्यांच्यावर अभ्यासकांत वादही आहेत. त्या मुलाला वाद माहीत नाहीत. त्याला रिकामा धक्का माहीत आहे.

कधी नियम थेट वर्गात शिरतो. दक्षिण आफ्रिकेत १९७४ च्या आदेशाने कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत काही विषय आफ्रिकान्स या गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या भाषेतून शिकवणं सक्तीचं केलं. १६ जून १९७६ ला सोवेटोतली मुलं त्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि मेलेल्यांत १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन होता. या प्रसंगावर लिहायचं तर मोर्चापासून सुरुवात करू नका. जी भाषा शिक्षकालाही धड येत नाही, तिच्यातून मांडलेलं गणित आणि त्यापुढे बसलेला हुशार मुलगा, इथून सुरू करा.

आणि नियम राबवणारी माणसं? नावं लिहून घेणारा कारकून, यादी वाचून दाखवणारी बाई, शेजाऱ्यांचं कपाट पुढच्याच आठवड्यात स्वस्तात घेणारा माणूस. हे लोक राक्षस नसतात. त्यांची घरं आहेत, मुलं आहेत, त्यांतला एखादा तुमच्या नायिकेला पूर्वी खाऊ द्यायचा. त्यांना क्षमा करण्याची गरज नाही, पण त्यांना चेहरा द्यावा लागतो. चेहरा नसलेला खलनायक तरुण वाचकाला फार सोयीचा पडतो. आपण तसे कधी होणार नाही, असं त्याला लगेच वाटतं.

सहावी पायरी: मूल काय करू शकतं, याचा हिशेब

नायकाने काहीतरी केलं पाहिजे, नुसतं सोसून कथा चालत नाही. मात्र तेरा वर्षांच्या मुलाने सेनापतीचा बेत उधळला की वाचक मनात खूण करतो: हे खोटं. खऱ्या मुलांनी काय केलं ते पाहिलं तर खोट्याची गरजच पडत नाही. १९४४ च्या वॉर्सा उठावात बालवीरांनी टपाल चालवलं. बारा-चौदा वर्षांची पोरं गोळीबारातून, ढिगाऱ्यांतून, कधी गटारांतून पत्रं पोहोचवत. एका पत्राला मर्यादा होती २५ शब्दांची, आणि टपाल फुकट होतं. यात धोका आहे, काम आहे, आणि प्रत्येक पत्रामागे एक घर आहे. पत्र कुणाला आहे आणि तो माणूस अजून त्या पत्त्यावर आहे का, एवढ्यावर प्रकरणामागून प्रकरणं निघतील.

९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीत गोळीबारात मारला गेलेला शिरीषकुमार मेहता १५ वर्षांचा होता. अशा हुतात्म्यांवर लिहिताना आपल्याकडे पुतळ्याची भाषा फार लवकर येते. पुतळ्याला भूक लागत नाही, पुतळा आईशी खोटं बोलून घराबाहेर पडत नाही. म्हणून माझं सांगणं असं की खऱ्या, नोंदलेल्या व्यक्तीला कथेच्या कडेला ठेवा आणि मध्यभागी तुमचं कल्पित पात्र आणा: त्याच मिरवणुकीत चार रांगा मागे असलेला, त्याच शाळेतला कुणीतरी. खऱ्या माणसाच्या तोंडी न बोललेली वाक्यं घालण्याचा मोह मग आपोआप टळतो.

आणखी एक अवघड गोष्ट. तुमच्या पात्राने त्या काळाचं खोटं मनापासून खरं मानलेलं असू द्या. जर्मनीत १९३९ पासून हिटलरच्या युवक संघटनेतली सेवा कायद्याने सक्तीची होती. त्यातल्या असंख्य मुलांना तंबू, गाणी आणि गणवेश खरोखर आवडत होते. जपानमधल्या शाळकरी मुलींना आपण जिंकणारच यात शंका नव्हती. आजची समज घेऊन जन्मलेला, पहिल्या पानापासून सगळं बरोबर ओळखणारा नायक लिहायला सोपा आहे, आणि वाचकाला तो काहीच देत नाही. विश्वास असेल तरच तो तडकतो. तो कुठल्या दिवशी, कशाने तडकला, हे तुमचं मधलं प्रकरण.

सातवी पायरी: एक उतारा दोनदा लिहून पाहा

लेनिनग्राडचाच प्रसंग घेऊ. नवखा लेखक बहुधा असं लिहितो:

‘नोव्हेंबर १९४१. जर्मन फौजांनी शहराभोवतीचा वेढा आवळला होता. अन्नाचा भीषण तुटवडा निर्माण झाला होता. भुकेने व्याकूळ झालेली ती मुलगी मनाशी म्हणाली, हे युद्ध किती क्रूर आहे!’

यात खोटं काही नाही. पण मुलगी कुठे आहे? आता असं:

‘दुकानातल्या बाईने पाव तराजूत टाकला. थोडा कमी भरला. तिने सुरीने एक कपचा काढून वर ठेवला, तेव्हा काटा मधोमध आला. तीन कार्डांचा पाव. आईने बजावलं होतं, कोटाच्या आत धर, कुणाशी बोलू नकोस, कार्डं हातातून सोडू नकोस, आणि वर टाकलेला तुकडासुद्धा घरी आण. मागच्या आठवड्यापर्यंत आई तुकड्याबद्दल काही म्हणत नव्हती. तुकडा हातमोज्यात होता. अजून दोन गल्ल्या चालायचं होतं.’

दुसऱ्या उताऱ्यात युद्ध हा शब्दसुद्धा नाही. वजन भरण्यासाठी वर ठेवलेला तुकडा ही वेढ्यातून वाचलेल्या लोकांच्या आठवणींत पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट आहे. कार्ड हरवलं तर बदली मिळणं जवळजवळ अशक्य होतं, म्हणून आईची ताकीद. ‘मागच्या आठवड्यापर्यंत’ या वाक्यात घर किती झपाट्याने बदललं ते आहे. आणि मुलीपुढे खराखुरा निर्णय आहे, तिच्या वयाचा, तिच्या हातातला. शोधलेली प्रत्येक माहिती अशी पात्राच्या गरजेला किंवा भीतीला जोडलेली असेल तरच ठेवा. उरलेली वहीत राहू द्या.

भाषेबद्दल थोडंच. पात्र परक्या देशातलं असलं तरी त्याने सरळ, बोलीच्या जवळचं मराठी बोलावं. दर वाक्यात परका शब्द पेरला की वातावरण तयार होत नाही, वाचक अडखळतो. गावांची नावं त्या काळातली वापरा. आणि त्या काळात जे शब्द नव्हते, विशेषतः मानसशास्त्रातले आजचे शब्द, ते पात्राच्या तोंडी देऊ नका.

आठवी पायरी: हिंसा किती दाखवायची

मुलांसाठी लिहिताना हिंसा लपवू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्या मुलांवर आपण लिहितो त्यांच्यापासून ती कुणी लपवली नव्हती. पण दाखवण्याची जागा निवडता येते. पात्राची नजर जिथे असेल तिथेच राहा. घाबरलेलं मूल बहुतेकदा एखाद्या बारक्या वस्तूकडे बघत राहतं: सुटलेली नाडी, फुटलेली कपबशी. तेवढं नेमकं लिहिलं तर बाकीचं वाचक स्वतः पाहतो, आणि त्याला झेपेल तेवढंच पाहतो. मृत्यू लिहायचा तर एकदाच आणि साध्या वाक्यात लिहा. त्यानंतरची तीन-चार प्रकरणं त्या माणसाची गैरहजेरी दिसली पाहिजे: ताटांची संख्या, झोपायच्या जागा, कुणी न उचललेलं काम.

नववी पायरी: शेवट आणि त्यापुढचं पान

तहाच्या दिवशी मुलांचं युद्ध संपत नाही. ब्रिटनला पोहोचलेल्या त्या १०,००० मुलांपैकी बहुतेकांना आईवडील पुन्हा भेटले नाहीत. वळिवड्याची वसाहत १९४८ मध्ये संपली, तेव्हा अनेक कुटुंबांना परतायला घर उरलं नव्हतं. त्यांचं गाव आता सोव्हिएत हद्दीत होतं. छावण्यांत कोंडलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांची माफी मागून हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर देण्याचा कायदा १९८८ मध्ये झाला. १९४२ मध्ये बारा वर्षांची असलेली मुलगी तोवर अठ्ठावन्न वर्षांची झाली होती. म्हणून शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना न्याय मिळवून देऊ नका. पात्राने स्वतःपुरता एक प्रश्न सोडवलेला असू द्या: भावाला शोधायचं ठरवलं, कुणाला तरी खरं सांगितलं, परत शाळेत नाव घातलं. तेवढं पुरतं. आशा दाखवायची असेल तर ती पात्राने आधी केलेल्या कुठल्यातरी कृतीतून आली पाहिजे.

पुस्तकाच्या शेवटी लेखकाची नोंद जोडा, दोन-तीन पानांची. कुठल्या घटना, तारखा, नियम आणि माणसं खरी. कुठली पात्रं कल्पित. सोयीसाठी कुठे दिवस मागेपुढे केले, हे सरळ सांगा. तरुण वाचक ती नोंद वाचतात, आणि त्यांना फसवलं गेलेलं आवडत नाही.

मग हस्तलिखित दोघांना द्या. एक, तेरा-चौदा वर्षांचा वाचक. त्याला ‘आवडलं का’ असं न विचारता कुठे पानं उलटली आणि कुठे काही कळलं नाही त्या जागी पेन्सिलने खूण करायला सांगा. दुसरा, ज्या समाजावर ते सगळं गुजरलं त्यातला किंवा त्या काळाचा जाणता माणूस. दोघांच्या खुणा एकाच पानावर आल्या, तर ते पान नव्याने लिहा.